पिवळी बत्ती आणि गुंडूच्या सांडगी मिरच्या

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर फर्मान सोडलं, "बोटीवरच्या आगीबद्दल लिहा. थरारक काहीतरी."

मी म्हटलं, "आग मी बघितलेलीच नाही हो."

खरं तेच सांगितलं होतं. सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून काढली, त्यातला मोठा हिस्सा आगीची वर्दी देणाऱ्या यंत्रणेची मर्जी सांभाळण्यात गेला, आणि आग म्हणाल तर एकदा एक कचऱ्याचा डबा धुमसला होता. तोही मी पोचेपर्यंत कुणीतरी हातातला चहा ओतून विझवला. संपादकांचा हिरमोड झाला, मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या धंद्यात सांगायला आग नसणं हीच पदवी. शेवटी मी म्हटलं, "आगीचं जमणार नाही, फॉल्टचं लिहितो." त्यांनी "फॉल्टमध्ये कसला थरार?" असं विचारलं, आणि तिथंच मला चेव आला.

आधी थोडं धंद्याचं सांगतो. आपल्याकडच्या बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसरला 'बत्तीसाब' म्हणतात. बल्ब गेला, बत्तीसाब. क्रेन अडली, बत्तीसाब. कॅप्टनच्या टीव्हीवर क्रिकेट दिसेना, बत्तीसाब, पळत या. ह्या सगळ्या कामांत माझ्या जिव्हाळ्याची वस्तू म्हणजे फायर पॅनेल. बोट जिथून चालवतात त्या ब्रिजवर, भिंतीला अडकवलेली एक पेटी. केबिन, पॅसेज, इंजिनरूम, कोठारं, जिथं म्हणाल तिथं छताला उपड्या वाटीसारखे डिटेक्टर चिकटवलेले असतात. कुणी धूर हुंगतो, कुणी उष्णता ओळखतो. एकाच तारेवर ते माळेसारखे ओवलेले असतात आणि तारेची दोन्ही टोकं पॅनेलमध्ये येतात. पॅनेल दिवसरात्र त्यांची हजेरी घेत असतं. शाळेत मास्तर घ्यायचे तशीच. तू आहेस? हजर. तू? हजर. कुणी "धूर!" म्हणून ओरडला की लाल बत्ती आणि घंटा. कुणी हजेरीच दिली नाही, तार तुटली किंवा तारेला ओल लागली, की पिवळी बत्ती. पिवळी म्हणजे फॉल्ट. पॅनेल सांगत असतं की बाबांनो, ह्या कोपऱ्यातलं मला दिसत नाही, तिथं आग लागली तर माझ्या भरवशावर राहू नका.

लाल बत्ती लागली की सगळी बोट धावते. पिवळी लागली की सगळे बझरचं बटण दाबून आवाज बंद करतात आणि चहा प्यायला जातात. मी ह्या एका गोष्टीवरून आयुष्यभर लोकांशी भांडलो. अजूनही कोल्हापुरात कुठल्या दवाखान्यात किंवा मंगल कार्यालयात शिरलो की माझी मान आपोआप भिंतीकडं वळते. पिवळी दिसली की मॅनेजरला शोधायला निघतो. आमच्या मंडळी, म्हणजे शोभा, माझा शर्ट मागून धरतात. "अहो, आपण आजारी माणसाला बघायला आलोय."

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार भेटली. एका सेकंड ऑफिसरला कढत पाण्यानं आंघोळ करायची हौस, त्यात मोठ्यानं गाणं. दार उघडून बाहेर आला की वाफ डिटेक्टरला लागायची आणि बोटभर घंटा. हातात आग विझवायचे पंप घेऊन आम्ही धावायचो, तर हा टॉवेलमध्ये, "क्या हुआ?" दुसरा एक फिटर वेल्डिंगच्या वेळी धूर लागू नये म्हणून डिटेक्टरला रबरी हातमोजा चढवायचा. पद्धत चुकीची नाही, पण काम संपल्यावर मोजा काढायचा असतो. हा काढायला विसरला. आता पॅनेलची गंमत बघा. मोजा घातलेला डिटेक्टरही इमानदारीत "हजर" म्हणत राहतो. धूर येवो, काही येवो, ह्याची हजेरी पक्की. तो मोजा शेवटी मला फेरीत सापडला. खाली तेल गाळायची मशीन होती. त्या फिटरला मी असा झाडला की नंतर तो कडाक्याच्या थंडीतसुद्धा हातमोजे घालेना.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या शेवटच्या बोटीवरची.

त्या बोटीवर खानसामा होता गुंडू, नेसरीचा. बोटीवर पहिल्या दिवशी जेवायला बसलो आणि पहिल्या घासाला कानांतून वाफा निघाल्या. मी ताट घेऊन थेट किचनमध्ये. "कुठलं गाव रे?"

"नेसरी. आनि पावणं तुमी?"

"मूळचा वारणानगरचा. आता कोल्हापुरात."

"आयला! मग अजून वाढू का?" म्हणाला आणि माझ्या होकाराची वाट न बघता वाढलंच. त्या दिवसापासून भर समुद्रात माझं माहेर झालं. बाकीचे लोक इंग्रजी-हिंदीत कुजबुजायचे आणि आम्ही दोघं शेजारी बसूनही दोन बांधांवरून बोलल्यासारखे ओरडायचो. कॅप्टन केरळचे, शांत माणूस. त्यांना वाटायचं आमचं रोज भांडण होतं.

त्याच सफरीत माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. आमच्या घरी एक भिंत आहे, तिच्यावर ऋतुजाचे फोटो. बारसं, पहिली शाळा, गॅदरिंग, दहावीचा सत्कार. सगळ्यांत शोभा आहे, आजी-आजोबा आहेत, एकात शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा आहे. मी एकाही फोटोत नाही. प्रत्येक वेळी मी कुठल्या तरी समुद्रावर कुठला तरी फॉल्ट शोधत होतो. ह्याचं वाईट वाटतं, फार वाटतं, आणि ते लिहिताना मला लाज वाटत नाही. ऋतुजानं फोनवर बजावलं, "पप्पा, समद्या फोटोत तुमची जागा मोकळी हाय. लग्नाच्या फोटोत मोकळी दिसली तर मी सासरी जात न्हाय, सांगून ठेवतो."

"येणार की," मी म्हटलं.

"फॉल्ट आलाय म्हणून सांगायचं न्हाय."

"नाही येणार फॉल्ट."

हे मी गुंडूलाही सांगितलं. सगळ्या बोटीला सांगितलं. पुढच्या बंदरात माझी बदली होणार, नवा बत्तीसाब तिथं चढणार, मी विमानानं घरी, आणि लगेच हळद. सगळं बसवून ठेवलं होतं. फक्त त्या बंदरात तपासणी अधिकारी चढणार होते, आणि ते ब्रिजवर आले की आधी फायर पॅनेल बघतात. पिवळी बत्ती दिसली तर बोट अडकवून ठेवायची त्यांना मुभा असते. बोट अडकली की बत्तीसाबही अडकला. लागलेला फॉल्ट मागं ठेवून कुणी उतरू देत नाही आणि नवा माणूस चार्ज घेत नाही.

बंदर जवळ येऊ लागलं आणि एका सकाळी नाश्त्याच्या वेळेला पिवळी लागली. अर्थ फॉल्ट. म्हणजे कुठंतरी तारेला ओल लागून वीज बोटीच्या लोखंडात पाझरते आहे. एकट्या अर्थ फॉल्टनं यंत्रणा बंद पडत नाही, पण दुसरा आला तर पॅनेलचं डोकं फिरू शकतं, म्हणून ते पहिल्यालाच बोंब मारतं. तो शोधायची रीत सोपी आहे. तार मधोमध सोडायची, फॉल्ट कुठल्या अर्ध्यात राहतो ते बघायचं, त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. भाकरी मोडत मोडत शेवटच्या घासापर्यंत जायचं. मी हसत हसत कामाला लागलो. भाकरी अर्ध्याहून कमी उरली आणि दुपारच्या चहाच्या सुमाराला पिवळी आपोआप विझली. पॅनेल हिरवंगार. नसलेला फॉल्ट कसा शोधणार?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुन्हा हजर. चहाला पुन्हा गायब. तिसऱ्या दिवशी तेच. सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा वेळेवर येत होता, जरा लवकर घरी जात होता. मी उन्हावर संशय घेतला, हवेतल्या दमटपणावर घेतला, शेवटी स्वतःच्या पत्रिकेवर घेतला. कॅप्टन रोज विचारायचे, "बत्तीसाब, मिला?" मी मान हलवायचो. त्यांनी मुंबईच्या ऑफिसला कळवलं, आणि तिकडून उत्तर आलं की फॉल्ट निघेपर्यंत बत्तीसाबला सोडू नका. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गुंडूनं भरलेलं ताट उचलून नेलं.

एवढं मात्र कळलं होतं की गडबड तारेच्या एका टप्प्यात आहे. किचन, जेवणाची खोली आणि केसिंगचा माथा. केसिंग म्हणजे इंजिनरूमची गरम हवा वर चिमणीपर्यंत जाते तो उंच लोखंडी बोळ. माथ्यावर छोटासा कट्टा, एक डिटेक्टर, एक जोडपेटी. तिथं भट्टीसारखं तापलेलं असतं, त्यामुळं कारणाशिवाय कुणी चढत नाही. किचन मी उलटंपालटं केलं. "सायेब, तुमचा फॉल्ट माज्या किचनात न्हाय की," गुंडू म्हणाला. मग मी केसिंगच्या शिडीकडं वळलो, तर मागून हाक. "सायेब, पयलं जेवा! तांबडा निवाय लागलाय!"

आता तुम्हीच सांगा, कोल्हापूरच्या माणसानं काय करायचं? जेवलो. जेवून वर चढलो तर कट्टा स्वच्छ. कुठं काही नाही, जोडपेटीचं झाकणही वरून कोरडं आणि घट्ट, म्हणून उघडलं नाही. जरासा आंबूस वास येत होता, तो मला माझ्याच शर्टाचा वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीला हात लावला, तर गुंडू धावत आला. "वर तेल सांडलंय, पाय घसरंल. मी पुसून घेतो, मग जावा." मला त्याची काळजी बघून भरून आलं. मी मनात म्हटलं, गावचा माणूस तो गावचा माणूस.

बंदर उद्यावर आलं. दुपारी मी जेवणाच्या खोलीत डोकं धरून बसलो होतो. गुंडूनं दहीभात पुढं ठेवला आणि वर एक तळलेली सांडगी मिरची. "चव बगा बरं सायेब. मीठ बराबर हाय का?"

मी चावलो. कुरकुरीत, खारट, तिखट, आत धणे-मेथीचा मसाला. डोळ्यांत पाणी आलं आणि मी वारणानगरच्या कारखान्याच्या वसाहतीत जाऊन बसलो. आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर आई मिरच्या वाळत घालायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. भरलेल्या मिरच्या रात्री मिठाच्या दह्यात बुडवायच्या, सकाळी निथळत्या काढून उन्हात घालायच्या. संध्याकाळपर्यंत कोरड्या. रात्री पुन्हा दह्यात. दही संपेपर्यंत हेच. सकाळी ओल्या, संध्याकाळी कोरड्या.

माझा हात तोंडापाशीच थांबला. सकाळी ओल्या, संध्याकाळी कोरड्या.

"गुंडू, ह्या वाळवल्यास कुठं?"

"हितंच की. हिकडं."

"हिकडं म्हणजे?"

"...तिकडं."

अर्धी मिरची हातात घेऊनच मी सुटलो. मागून गुंडू, "सायेब, अवो सायेब!" करत. वर पोचलो आणि बघतच राहिलो. ताटात ठेवल्या तर बोट हलली की सांडणार, म्हणून पठ्ठ्यानं मिरच्या दोऱ्यात ओवून माळा केल्या होत्या. कट्ट्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लग्नघराला तोरणं लावावीत तशा माळा. दोऱ्यांची टोकं बांधली होती थेट माझ्या जोडपेटीला. मिठाचं दही दोऱ्यावरून ओघळत पेटीच्या झाकणावर, झाकणाचं रबर झिजलेलं, तिथून आत. पेटी उघडली तर तारांच्या जोडांवर दह्याचं पांढरं किटण. उन्हाळी वाळवणामुळं फायर पॅनेल बोंब मारत होतं, आणि मी तेवढे दिवस त्याच खानसाम्याचा तांबडा रस्सा ओरपून पुन्हा फॉल्ट शोधायला जात होतो. मी वर पोचायच्या आत तो माळा काढून न्यायचा, म्हणून कट्टा स्वच्छ दिसायचा.

मी असा ओरडलो की खाली इंजिनरूममधले लोक वर बघायला लागले. "गुंड्या! तुझ्या मिरच्यांपायी माझ्या पोरीचं लग्न हुकत होतं की रे!"

गुंडू शिडीच्या दोन पायऱ्या खाली उभा होता, धापा टाकत. मान खाली. "पोरीच्या लग्नासाठीच केल्या की सायेब."

"काय?"

"रुखवतात मांडायला. आई कुरडया करंल, मावशा पापड करत्याल, समद्या बायका काय-काय करत्याल. बापाकडनं काय नगो व्हय? तुमी तर बोटीवर. म्हटलं, ह्या मिरच्या पप्पानी केल्या म्हणून सांगाय येतंय. तुमाला आयत्या येळंला देनार हुतो, म्हणून लपवत हुतो. ह्यानं फॉल्ट येतोय हे मला काय ठावं?"

मी पेटीचं झाकण हातात धरून उभा, तो माळ हातात धरून उभा. मग मला हसू फुटलं, ते आवरेना. त्यालाही फुटलं. त्या भट्टीत आम्ही दोन कोल्हापुरी माणसं पोट धरून हसत बसलो.

जोड पुसले, सुकवले, झाकणाला नवं रबर बसवलं. वॉकीटॉकीवर ब्रिजवरून आवाज आला, "बत्तीसाब, यलो गया!" तेवढ्यात कॅप्टन स्वतः शिडी चढून आले. माळा बघितल्या, नाक पुढं केलं, वास घेतला. मी उत्तर जुळवत होतो, झाकणातून ओल वगैरे. त्यांनी मी कट्ट्यावर ठेवलेली उरलेली अर्धी मिरची उचलली आणि तोंडात टाकली. डोळे मिटले. "ये तो कोंडाट्टम है," ते म्हणाले. केरळात दह्यातल्या सांडगी मिरच्यांना हेच म्हणतात. "मेरी माँ बनाती है." मग गुंडूकडं वळून, फार कडक आवाजात, "एक माला मेरे को."

अजून ओल राहिली होती, आणि केसिंगवर आता बंदी. कॅप्टननी हुकूम दिला, माळा ब्रिजवरच्या काचेशी टांगा, तिथं ऊन येतं. दुसऱ्या दिवशी बंदरात तपासणी अधिकारी चढले. गोरे, उंच, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी एक डिटेक्टर जागेवरून फिरवून काढायला लावला. पिवळी लागली, पॅनेलवर नेमकं ठिकाण उमटलं. परत बसवला, विझली. "गुड." मग त्यांची नजर काचेशी लटकणाऱ्या मिरच्यांवर गेली. हे काय?

कॅप्टन अत्यंत गंभीरपणे म्हणाले की आमच्या देशात बोटीला नजर लागू नये म्हणून मिरच्या टांगायची प्रथा आहे. अधिकाऱ्यांनी आदरानं मान लववली, एक फोटो काढला आणि निघून गेले. गुंडू दाराआड उभा राहून तोंडात फडकं कोंबत होता.

बोटीवरून उतरताना गुंडूनं मिरच्यांचा डबा माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला. त्याचं कंत्राट अजून बाकी होतं, त्याला येता येणार नव्हतं. "रुखवताचा फोटो धाडा तेवढा," म्हणाला. मी त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाला कांदा-लसणाचा वास येत होता, तो माझ्या शर्टाला घरापर्यंत टिकला.

लग्नाला मी पोचलो. हळदीला, साखरपुड्याला, सगळ्याला होतो. कार्यालयात शिरताना माझी मान सवयीनं भिंतीकडं वळली, तशी हिरव्या शालूतली ऋतुजा आडवी आली. "पप्पा. आज न्हाय." मी मान दुसरीकडं फिरवली आणि दिवसभर त्या भिंतीला पाठ करून वावरलो. रुखवताच्या टेबलावर कुरडयांची फुलं होती, पापडांचा मोर होता, आणि मधोमध परातीत गुंडूच्या मिरच्या. वर ऋतुजाच्या अक्षरात पाटी: 'वधूपित्याकडून. भर समुद्रात वाळवलेल्या सांडगी मिरच्या. साहाय्य: गुंडूकाका.' मुलाकडच्या बायका त्या पाटीपाशी थांबून थांबून हसत होत्या.

अक्षता पडल्या आणि मी गुंडूला व्हिडिओ कॉल लावला. तो किचनमध्ये, मागं कढई. फोन टेबलावरून फिरवला, पाटी दाखवली. त्यानं ती वाचली, फडक्यानं डोळे पुसले. मी फोन माझ्याकडं वळवला. मग तो डोळे बारीक करून स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

"सायेब, तुमच्या मागं भिंतीवर पिवळी बत्ती लागलीया बगा."

ऋतुजानं ते ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, सुस्कारा सोडला. "जावा पप्पा. पन फेटा काढायचा न्हाय."

बझरवर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, ती मी आधी काढली. डेकोरेशनवाल्यानं फुलांचं झुंबर टांगायला एक डिटेक्टर काढून खुर्चीवर ठेवला होता. त्याचीच शिडी मागून घेतली, वर चढलो, डिटेक्टर बसवला, आणि खाली फोटोग्राफर ओरडला, "काका, हिकडं बघा!"

तो फोटो ऋतुजाच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे. नवरा-नवरी, दोन्हीकडची माणसं, आणि सगळ्यांच्या वर, शिडीच्या टोकाला, फेटा बांधलेला मी.